पित्त परत पाजणारे डॉक्टर

मी आज भाकरी खातो आणि ती पचते, ते डॉक्टरांमुळं आणि त्यांच्या थोरल्या बहिणीमुळं. हे आधी लिहून टाकतो. काय झालं आणि कसं झालं ते मागून सांगेन. सांगता सांगता दमलो आणि अर्ध्यातच उठलो, तर मुख्य गोष्ट तरी राहून जायला नको. सातवीत शाळा सोडली, त्यानंतर एवढं लांबलचक काही मी लिहिलेलं नाही.

डॉक्टर वसईच्या पश्चिमेला, वाड्यांच्या गावात राहायचे. अंगणात क्रूस, मागं केळी आणि पानवेली, आणि वाडीच्या टोकाला पूर्वी कुदळी-फावडी ठेवायची ती खोली. त्या खोलीत मी भाडेकरू. माझं गाव उदगीरच्याही पलीकडं. पूर्वेच्या एका कारखान्यात बिजागऱ्यांच्या प्रेसवर कामाला लागलो होतो. रोज पहाटे चालत रेल्वेचं फाटक ओलांडायचं, संध्याकाळी चालत परत यायचं. एवढं हिरवं मी जन्मात बघितलं नव्हतं, आणि एवढं एकटंही कधी वाटलं नव्हतं. रस्त्यात कोणी हाक मारली तरी छातीत धस्स व्हायचं. वाटायचं, काहीतरी चुकलं असणार आपलं.

पहिल्या दिवशी डॉक्टरांनी मला नाव विचारलं नाही, जात विचारली नाही, गावही विचारलं नाही. खिशातून एक कार्ड काढून माझ्यापुढं धरलं. रंगाच्या दुकानात भिंतीचा रंग निवडायला देतात तसलं, छोट्या छोट्या चौकोनांचं.

"बोट ठेव. आज सकाळचा रंग कुठला?"

"कशाचा रंग, डॉक्टर?"

"भाडेकरू भिंतीला रंग लावतो का? परसाकडचा रंग."

मी घाबरत घाबरत एका तपकिरी चौकोनावर बोट ठेवलं. ते म्हणाले, "छान. खोली तुझी."

हा त्यांचा नमस्कारच होता. बाजारात भेटलेल्या कोळणीला ते कार्ड दाखवायचे, शाळेच्या मास्तरांना दाखवायचे. एका म्हाताऱ्या काकांनी एकदा चष्मा न लावता हिरव्यावर बोट ठेवलं. डॉक्टर म्हणाले, "काका, हा तुमच्या दरवाजाचा रंग. मी पोटाचा विचारतोय." रविवारी चर्चमधली मिस्सा सुटली की देवळाच्या दारात ते फादरना गाठायचे. "प्रवचन सुंदर झालं, फादर. पोट कसं आहे?" फादर एकदा कंटाळून म्हणाले, "डॉक्टर, निदान रविवारी तरी आत्म्याचं विचारा." यावर डॉक्टर म्हणाले, "आत्मा तुमच्याकडे आहे, फादर. खालचं खातं माझ्याकडे."

लग्नात त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी राहायची. जेवताना हा माणूस काय बोलेल याचा नेम नव्हता. त्यांची बहीण त्यांच्यापेक्षा मोठी, लग्न न केलेली. सगळं गाव तिला बाय म्हणायचं, म्हणून मीही बाय म्हणू लागलो. ती लांबूनच डोळे मोठे करायची. "बाबू, लोक जेवतायत!" डॉक्टर शांतपणे म्हणायचे, "म्हणूनच तर विचारतो. आत काय जातंय ते सगळे बघतात. बाहेर काय येतंय ते बघायला एकटा मीच."

घराच्या मागच्या संडासाच्या छपरात त्यांनी काचेचं कौल बसवून घेतलं होतं. त्यांचं म्हणणं असं की अंधारात बसणाऱ्या माणसाला स्वतःची ओळख पटत नाही. पाहुणे दार लावून घ्यायचे आणि वरून ऊन पडलं की दचकायचे.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं, आणि लोक न्यायचेही. पण डॉक्टर स्वतः फारसे हसायचे नाहीत. थकलेला माणूस होता तो. दवाखाना बंद करून आले की पानवेलींच्या मांडवात पाटावर बसून राहायचे. एकदा मला म्हणाले, "आयुष्यभर लोकांचं मागचं बघितलं रे. पुढचं कोणी दाखवलंच नाही." मी वेलींना पाणी घालत राहिलो.

आता माझं सांगतो.

एका पावसाळ्याच्या शेवटी माझे डोळे पिवळे झाले. प्रेसवर माझ्या शेजारी हिराजी असायचा, मिठागराच्या बाजूच्या गावचा. त्यानं माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं. "अरं, ही त कावील. घाबरू नको. पन डॉक्टरला सांगू नको, तो सुया टोचंल. फुलपाड्याला एक बाबा हाय, माळेनं उतरवतो."

हिराजी मायाळू माणूस. सुट्टी टाकून तो मला विरारला घेऊन गेला. फुलपाडा तेव्हा डोंगराखालची नुसती झोपड्यांची वस्ती. बाबानं कसल्या तरी वेलीचे तुकडे दोऱ्यात गुंफून माझ्या डोक्यावर टोपीसारखी माळ ठेवली. हातांना चुना लावून ते धुतले. पाणी पिवळं झालं. "बग, निघाली," हिराजी म्हणाला. माळ वाळत गेली तशी सैल झाली. कपाळावरून गळ्यात आली, गळ्यातून छातीवर, छातीवरून पोटावर. ती खाली आली म्हणजे कावीळ उतरली. पथ्य एकच, पिवळं काही खायचं नाही. हळद नाही, पिकलं केळं नाही, वरण नाही. केळीच्या वाडीत राहून मी नुसता भात आणि मीठ खात होतो.

माळ बेंबीपर्यंत पोचली, पण डोळे पिवळे ते पिवळेच. आणि वर खाज सुटली. अशी खाज की रात्री डोळ्याला डोळा लागेना. एका सकाळी मी नारळाच्या खोडाला पाठ घासत उभा होतो, म्हशीसारखा. डॉक्टर दात घासत अंगणात आले आणि थांबले.

"खाज कधीपासून?"

मी खोडापासून बाजूला झालो.

त्यांनी चूळ भरली आणि खिशातून कार्ड काढलं. कार्डावर सगळ्यात वरच्या ओळीत पांढऱ्याच्या जवळचे रंग होते, त्या ओळीवर कधी कोणी बोट ठेवलेलं मी बघितलं नव्हतं. मी तिथंच ठेवलं. चुनखडीच्या भिंतीचा रंग.

डॉक्टर पायरीवर बसले. कार्ड खिशात टाकलं. माझ्या पोटावरची माळ दोन बोटांनी उचलून बघितली आणि हळूच सोडून दिली.

"माळ उतरली," ते म्हणाले. "पित्त नाही उतरलं. माळेनं जी कावीळ जाते ना, ती जाणारीच असते. तुझी वेगळी आहे. यकृतातून आतड्यात पित्त जायची नळी असते, तिच्यात बूच बसलंय. पित्त रक्तात चढतंय, म्हणून तू पिवळा. आतड्यात पोचत नाही, म्हणून तुझं शौच पांढरं." मग आत बघून हाक मारली, "बाय, भाजीचा टेम्पो कोणाचा जातोय आज मुंबईला?"

त्याच दिवशी मला हुडहुडी भरून ताप चढला. गवारीच्या आणि वांग्यांच्या टोपल्यांमध्ये मला आडवं केलं आणि डॉक्टर माझं डोकं मांडीवर घेऊन बसले. घोडबंदरच्या रस्त्यानं आम्ही मुंबईच्या मोठ्या सरकारी इस्पितळात पोचलो. गावी काही कळवू नका, एवढंच मी त्यांना सांगत होतो. आई ऐकून तिथंच बसेल, इथवर यायला तिला वाटही माहीत नाही. डॉक्टर म्हणाले, "कळवायची वेळ आली तर मी स्वतः जाईन. आता गप्प पड."

नळीत खडा निघाला. पण सर्जननी तो लगेच काढला नाही. ते डॉक्टरांना म्हणाले, आणि मी ते गुंगीत ऐकलं, "आत्ता मोठं ऑपरेशन केलं तर हा टेबलावरून उठेल. टाकेही नीट बसतील. पण एकदोन दिवसांत लघवी बंद पडेल आणि आपण काही करू शकणार नाही. असे बघितलेत मी." म्हणून त्यांनी पित्ताशयात फक्त एक रबरी नळी घातली, तिचं दुसरं टोक पोटाबाहेर काढलं आणि त्याला बाटली लावली. आधी निचरा होऊ दे, अंगात थोडी ताकद येऊ दे, मग खडा. खाटा भरलेल्या होत्या. काही दिवसांनी मला डॉक्टरांच्या हवाली केलं.

बाय मला त्या अवजारांच्या खोलीत ठेवायला तयार होईना. ओटीवर खाट टाकली. खाटेला बाटली बांधलेली, आणि तिच्यात माझं पित्त थेंब थेंब गळायचं. आधी गढूळ होतं, मग निवळत गेलं. सोनेरी, काळसर मधासारखं. गाव बघायला यायचं. हिराजी आला, बाटली उजेडाकडं धरून खूश झाला. "बघ कसा माल निघतोय! मी बोल्लो होतो ना, पिवलं भायेर पडाया पायजे!"

आम्हा सगळ्यांना तेच वाटत होतं. माळ असो की नळी, पिवळं बाहेर पडलं की माणूस सुटला. बाय सकाळी बाटली न्यायची, मोरीत ओतायची, उकळत्या पाण्यानं धुवायची आणि वेदीपुढं मेणबत्ती लावायची. बाटली भरलेली दिसली की मला जीवात जीव आल्यासारखं वाटायचं. रिकामी दिसली की भीती. डॉक्टर दवाखान्यात जाताना भरलेलं माप विचारायचे, मान हलवायचे आणि जायचे.

डोळ्यांतलं पिवळं कमी झालं. खाज गेली. आणि मी मात्र खचत चाललो होतो. पोट ढोलासारखं फुगायचं. जेवण नकोसं. दिवसा झोप यायची, आणि हाक मारली तरी उत्तर द्यायचा कंटाळा. बारीक ताप सुटेना. बाय म्हणायची, "रोग बाहेर पडतोय, शक्ती जाणारच." मीही तेच धरून बसलो. मनात मात्र एकच चालायचं: सर्जन म्हणाले तसं माझी लघवी बंद पडणार. मी इथं मरणार, आणि आईला कळायला आठवडा जाणार.

एके दुपारी डॉक्टर लवकर आले. माझ्या पोटावर बोटं ठोकून बघितली. कान लावून ऐकलं. मग बायला विचारलं, "सकाळचं कुठंय?"

"काय सकाळचं?"

"पित्त."

"ओतलं. ती घाण काय शोकेसमध्ये ठेवू?"

डॉक्टर खुर्चीत बसले. मग डोक्याला हात लावून म्हणाले, "मी गाढव आहे. रोज किती भरलं ते बघत बसलो. जातंय कुठं ते बघितलंच नाही."

मग मला समजावलं. ते जसं बोलले तसं लिहायचा प्रयत्न करतो.

"तुझ्या आतड्यात जंतू राहतात. सगळ्यांच्याच राहतात. ते शत्रू नाहीत, भाडेकरू आहेत. तू माझा आहेस तसे. पित्त म्हणजे घरमालक. रोज एक फेरी मारतो, मग भाडेकरू वळणात राहतात. मालक गावाला गेला की काय होतं? एकाचे चार होतात, दंगा करतात, भिंतींना भोकं पाडतात. मग त्यांची घाण, त्यांचं विष, भिंतीतून रक्तात. आतड्याचं रक्त आधी कुठं जातं? यकृताकडं. यकृत एरवी ते गाळून घेतं. तुझं यकृत आधीच तुंबून थकलेलं. त्याला नाही आवरत. मग ते विष पुढं जातं, मूत्रपिंडांपर्यंत. लघवी का बंद पडते? खड्यानं नाही पडत. या दंग्यानं पडते. आणि आम्ही शहाणे, मालकाला रोज मोरीत ओततोय."

बाय दारात उभी होती. "मग आता?"

"आता मालकाला परत घरी पाठवायचं. तोंडावाटे."

बायनं क्रूसाची खूण केली. "बाबू! माणसाच्या पोटातलं काढलेलं परत त्यालाच पाजणार? हे कुठल्या शास्त्रात आहे?"

"गाय काय करते दिवसभर?"

"हा गाय आहे?"

"माझ्या ओटीवर बांधलाय, रवंथ करायला काय हरकत आहे?"

मला रडू आलं. मी हात जोडून म्हणालो, डॉक्टर, मरेन पण हे नको. ते दुसऱ्या दिवशी पहाटे मुंबईला गेले, सर्जनशी बोलून संध्याकाळी आले. सर्जन म्हणाले होते, आम्हीही कधी कधी नाकातल्या नळीनं परत घालतो, खाट असती तर इथंच केलं असतं. आता निवळलं असेल तर पाजा. जंतूंना आवर घालायच्या गोळ्याही दिल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या देईन. पण पोलिस बोलावून घर चालत नाही. मालक लागतोच."

सकाळी ते स्वच्छ बाटलीतलं ताजं पित्त पेल्यात घेऊन माझ्यासमोर बसले. मी तोंड फिरवलं. तेव्हा त्यांनी पेला स्वतःच्या ओठाला लावला आणि एक घोट घेतला.

सगळं घर थबकलं. त्यांचा चेहरा कारलं चावलेल्या पोरासारखा झाला. डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी गिळलं, ओठ पुसले आणि म्हणाले, "कडू आहे. पण आता तू एकटा नाहीस."

त्यानंतर मी नाही म्हणू शकलो नाही. पहिल्यांदा ओकलो. दुसऱ्यांदाही. मग बायच पुढं आली. डॉक्टरांना म्हणाली, "तू बाजूला हो, तुला माणसं पाजता येत नाहीत, नुसती बघता येतात." तिनं दाट कोकमात मिसळलं, म्हणजे रंग दिसेना. झाकणाच्या पेल्यात ओतलं, म्हणजे वास येईना. नाक तिनं स्वतः दाबलं. आणि घोट खाली गेला की लगेच सुकेळीचा तुकडा तोंडात, वाळवलेल्या गोड केळ्याचा. मी अजून पिवळ्याचं पथ्य धरून होतो. "बाय, हे पिवळं..." म्हणालो, तर ती ओरडली, "पोटातलं पिवळं प्यायलास आणि माझ्या केळ्याला घाबरतोस?"

हळूहळू पोट बसलं. एके सकाळी मी संडासातून बाहेर आलो. डॉक्टर कार्ड घेऊन दारातच उभे होते. मी बोट ठेवलं. हलका मोहरीसारखा रंग. ते कार्ड बायला दाखवायला स्वयंपाकघरात गेले. आतून तिचा आवाज आला, "बाबू, कणीक मळतेय मी!"

भूक लागायला लागली. झोप रात्रीच यायला लागली. मग आम्ही पुन्हा टेम्पोनं मुंबईला गेलो आणि खडा निघाला. शुद्धीवर आलो तेव्हा घसा कोरडा होता आणि मनात एकच गोष्ट. नर्सला विचारलं, "लघवी?" ती म्हणाली, "अजून नाही. होईल." त्या दिवशी नीट झालीच नाही. नळीला लावलेल्या भांड्याच्या तळाशी नुसता लालसर ओलावा. मी आईचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला, तर नीट आठवेना, आणि त्याची जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी भेटायच्या वेळेला डॉक्टर आले. माझ्याकडं बघितलंच नाही. सरळ खाली वाकले आणि खाटेखालचं भांडं उचललं. वॉर्डात माणसं डबे उघडून बसली होती. डॉक्टरांनी भांडं खिडकीपाशी नेलं, उजेडात धरलं, हलवलं. निम्म्याहून जास्त भरलेलं होतं. सकाळपासून भरत आलं होतं, मला गुंगीत कळलंच नव्हतं. शेजारच्या खाटेवरचा माणूस वैतागून म्हणाला, "ओ काका, जेवतोय इथं!"

डॉक्टर म्हणाले, "जेवा, जेवा. हा वाचला."

मग भांडं जागेवर ठेवून ते माझ्या पायाशी बसले आणि तसेच बसल्या बसल्या झोपून गेले. तोंड उघडं, चष्मा नाकावर घसरलेला. किती दिवसांचे जागे होते देव जाणे. भेटायची वेळ संपली तरी नर्सनं त्यांना उठवलं नाही.

आता मी विरारला मनवेलपाड्याच्या चाळीत राहतो. लग्न झालं, प्रेसवरचं काम चालूच आहे. हिराजी अजून लोकांना फुलपाड्याला नेतो, पण आधी रंग विचारून घेतो म्हणे. डॉक्टरांनी दवाखाना बंद केला. हात कापतात. पाय कधी कधी ऐकत नाहीत. बाय तर त्यांच्याहून मोठी, तिला स्वतःलाच भिंत धरून चालावं लागतं. मागच्या रविवारी गेलो होतो. पानवेलींच्या मांडवात ते त्याच पाटावर बसले होते. म्हणाले, "मरणाची नाही वाटत रे भीती. अंथरुणावर पडलो, कोणाच्या हातावर पडलो तर, त्याची वाटते. इतक्या लोकांचं बघितलं, पण माझं कोणी बघावं, हे नाही सोसणार मला."

मी तिथं काही बोललो नाही. मला तोंडावर बोलता येत नाही, म्हणून इथं लिहितो. डॉक्टर, तो दिवस आलाच तर बायनं वाडीतल्या कुणाच्याही पोराला मनवेलपाड्याला पिटाळावं. मी कारखान्यातून तसाच निघेन. तुमचं अंथरूण मी बदलेन, भांडं मी उचलेन, खिडकीपाशी नेऊन नीट बघेन आणि काय दिसलं ते तुम्हाला खरं खरं सांगेन. त्या दिवशी मला बाहेर जा म्हणू नका.